नवसाचा लांडा

कवठे महांकाळपासून कोसभर आत असलेल्या त्या गावात भामाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. बहात्तर सालच्या उन्हाळ्यात मात्र ती भांडत होती ती अंगणातल्या कोंबडीच्या पिल्लांशी.

"अवदसा आठवली का रं तुमास्नी? एवढ्या सगळ्यात ह्योच घावतो व्हय चोची मारायला?"

घोळक्यात हात घालून तिनं एक काळं पिल्लू उचललं. पिल्लू कसलं, तुरा नुकता दिसायला लागलेला तरणा कोंबडा. शेपटीच्या बुडाशी पिसं उपटलेली, कातडं सोललेलं, रक्त निथळत होतं. बाकीच्यांच्या चोचीला रक्ताची चव लागलेली. ती तिच्या लुगड्याभोवती वर उड्या मारत होती. भामाबाईनं त्यातल्या एकाला पायानंच उडवलं आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत घरात गेली.

साधंसुधं पिल्लू असतं तर तिनं संध्याकाळी त्याचं कालवण करून विषय मिटवला असता. पण हा नवसाचा होता.

मानसिंग तिचा एकुलता एक. नवरा वारल्यावर तिनंच वाढवलेला. पलटणीत भरती झाला आणि पाकिस्तानच्या लढाईवर गेला. लढाई संपली, आजूबाजूच्या गावांतले जवान खुशाल असल्याचं कळलं, आणि ह्याचा काही ठावठिकाणा लागेना. तेव्हा भामाबाईनं टेकावरच्या जोखाई देवीपुढं पदर पसरला होता, माझा मानसिंग परत येऊ दे, आखाडात तुला काळा कोंबडा देईन. मानसिंग परत आला. पुण्याच्या मिलिटरी इस्पितळातून शिमग्याच्या सुमाराला आला, डावा हात कोपराच्या वरपासून गमावून. खंडाळ्याकडची सोयरीक आधीच ठरलेली होती. त्या लोकांनी निरोप धाडला की पोरगं अख्खं असतं तर गोष्ट वेगळी होती. निरोप घेऊन आलेल्या माणसाला भामाबाईनं पाणीसुद्धा न विचारता उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं.

पुढं कोंबडीनं पिल्लं काढली तेव्हा त्यातलं काळंभोर पिल्लू तिनं देवीचं म्हणून निवडलं. घराण्याची रीत अशी की देवीच्या नावाच्या जनावराला कुंकू लावून ठेवायचं. मग ते चुकून कापलं जात नाही की बाजारात जात नाही. एवढ्याशा डोक्यावर कुंकू टिकेना, म्हणून दर मंगळवारी तेलात कालवून ती ते शेपटीच्या बुडाशी ठसठशीत लावायची आणि टेकाकडं तोंड करून हात जोडायची. आणि नेमक्या ह्याच पिल्लाला बाकीची खायला उठायची.

घरातली हळद संपली होती. ती शेजारी गुणमालाकडं गेली. गुणमाला जैनाघरची, अंड्याचं टरफल दारात दिसलं तरी वाट बदलणारी बाई. तिनं भामाबाईच्या हातातलं रक्ताळलेलं पिल्लू बघितलं, आत गेली, वाटीभर हळद आणि बाटलीतलं करंजाचं तेल घेऊन आली.

"बरं करायला देते, भामाबाई," ती म्हणाली. "म्होरलं मला सांगू नका."

भामाबाईला त्याचाही राग आला, पण हळद हातात होती, म्हणून ती तशीच माघारी फिरली.

जखम धुतली मानसिंगनं. तो दिवसभर सोप्यात खांबाला टेकून बसलेला असायचा, बोलायचा कमी. पिल्लाचं कलकलणं ऐकून उठला आणि म्हणाला, "तू धर. मी बगतो." तिनं दोन्ही हातांनी पिल्लू दाबून धरलं. त्यानं कोमट मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून जखम टिपली, चिकटलेली पिसं कात्रीनं कापली, हळद तेलात कालवून लावली. इस्पितळात महिनोन्‌महिने त्याची स्वतःची जखम कुणीतरी अशीच धुतली असणार. दोघांचे मिळून तीन हात, पण काम नेटकं झालं. पिल्लू वेगळं डालग्याखाली ठेवलं. सात-आठ दिवसांत खपली धरली.

मंगळवार आला. भामाबाईनं कुंकू लावलं, पिल्लू भावंडांत सोडलं, आणि दुपारपर्यंत परत तीच गत. आता कातड्याखालचं मांस दिसायला लागलं होतं.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा झालं. भामाबाई शिव्या घालून दमली. आधी कोंबडीला घातल्या, मग उन्हाला, मग थोरल्या जावेला, बनुबाईला, कारण बनुबाईची नजर वाईट हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यात मानसिंगचा तुटका हात सुजला. टाके घातलेली जागा लाल झाली, रात्री अंगात ताप भरायला लागला.

बनुबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "नवस अंगावर हाय, भामे. देवी खुणावतीया. आन त्यो कोंबडा असा चोचून खाल्लेला नेशील तर घेणार न्हाई ती. आवयव मोडलेलं देवीला चालत न्हाई. न्हाई घेतला तर जे दिलंय ते माघारी नेती."

"आक्का, तुमी तुमच्या चुलीकडं बगा," भामाबाई म्हणाली. पण ते बोल तिच्या डोक्यातून जाईनात. हात गेला तो गेला. आता पोरगंच माघारी नेलं तर? रात्रभर ती मानसिंगच्या उशाशी बसून त्याच्या कपाळाला हात लावून बघत राहिली, आणि सकाळी उठून पहिल्यांदा डालगं उचलून कोंबड्याची जखम बघितली. कोंबडा धड तर पोरगं धड, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

पुढच्या मंगळवारी ती कुंकवाची वाटी घेऊन अंगणात आली तेव्हा मानसिंग म्हणाला, "आये, कुंकू लावू नगंस."

"का?"

"मी रोज हितं बसून बगतोय. तू कुंकू लावून सोडलंस की मगच ती त्येच्या वाटंला जात्यात. ती लाल दिसंल तिथं टोचत्यात."

भामाबाईचं डोकं फिरलं. "देवीच्या कुंकवाला नाव ठेवतोस? चार वर्सं पलटणीत काय ऱ्हायलास, शाणा झालास व्हय रं? एवढ्या तापात तिनं तुला राखलं, आन तू..."

मानसिंग वाद घालायला बसला नाही. उठला, तिच्या हातातल्या वाटीत बोट बुडवलं आणि पायाशी दाणे टिपणाऱ्या एका पिवळ्या तलंगेच्या पाठीवर ओढलं. त्या कोवळ्या कोंबडीच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. दोन-चार दाणे टिपून होईपर्यंत शेजारच्या पिल्लानं मान वाकडी करून त्या लाल ठिपक्याकडं बघितलं आणि चोच मारली. मग दुसऱ्यानं मारली. मग सगळी धावली. तलंग किंचाळत कुंपणाच्या कडेनं पळायला लागली. मानसिंगनं तिला एका हातानं पकडली आणि धोतराच्या सोग्यानं पाठ पुसून काढली.

भामाबाई वाटी धरून तशीच उभी राहिली. मंगळवारमागून मंगळवार ती स्वतःच्या हातानं त्या मुक्या जिवाला खुणेला लावत होती आणि वर हात जोडत होती. तिला स्वतःचा असा राग आला की ती वाटी तिनं उकिरड्यावर भिरकावली. आणि मग तिला आठवलं की मानसिंग लढाईवर निघाला तेव्हा मिरजेच्या स्टेशनावर तिनं त्याच्या कपाळावर असंच बोटभर कुंकू ओढलं होतं. लांबून दिसेल एवढं. ती आत जाऊन रिकामा हंडा घासत बसली, हाताची सालटी निघेपर्यंत.

त्यानंतर मानसिंगनं सांगितलं तसं सगळं झालं. कुंकवाचा कणसुद्धा राहू न देता जखम धुतली. करंजाच्या तेलात तव्याच्या बुडाची काजळी खलून काळा लेप केला, म्हणजे लाल काही दिसायला नको, आणि माशाही बसायला नकोत. कोंबडा डालग्याखालीच ठेवला, पण बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर, म्हणजे परका होऊ नये. खुराड्यातली दाटी मोडायला कुंपण चार हात लांबवलं. पाल्याची जुडी दोरीनं उंच टांगली, चोची तिकडं गुंतल्या. त्या साली माणसांना कण्या पुरत नव्हत्या, तरी भामाबाईनं आपल्या वाटणीतल्या मूठभर कोंबड्याला घातल्या. मानसिंगला सांगलीला नेऊन सुया टोचून आणल्या. त्याचा ताप उतरला. कोंबडाही बरा झाला, बांग द्यायला लागला. पण शेपटीचं बूड पार खाल्लं गेलं होतं, तिथं पीस परत उगवलंच नाही. मागून बघितलं की तो कोंबडा कमी आणि भोपळा जास्त दिसायचा. गावातली पोरं त्याला लांडा म्हणायला लागली.

आखाडातल्या मंगळवारी भामाबाई लांड्याला काखेत मारून टेकावर गेली. मानसिंग बरोबर होता, सदऱ्याची डावी बाही दुमडून टाचलेली. देवळापुढं गर्दी होती, बनुबाईही आपला कोंबडा घेऊन आलेली. पुजारी नाथाजीतात्यांनी लांड्याला हातात घेतलं, उलटा केला, आणि परत तिच्या हातात दिला.

"ह्यो चालायचा न्हाई, भामे. देवीला अख्खं लागतं."

"मी बजावलं व्हतं," बनुबाई म्हणाली. "माझ्याकडं दुसरा हाय, काळा. घेऊन जा पायजे तर."

भामाबाईनं मानसिंगकडं बघितलं. तो खाली जमिनीकडं बघत होता आणि उजव्या हातानं रिकामी बाही चाचपत होता. खंडाळ्याच्या निरोपात हाच शब्द होता. आज देवीच्या दारातही तोच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिचा आवाज चढला नाही.

"तात्या, मी नवस बोलले तवा परत येऊ दे म्हणाले. अख्खा येऊ दे म्हणायचं माझ्याकडनं ऱ्हायलं. तिनं जेवढा दिला तेवढा मी घेतला. उलटापालटा करून बगितला न्हाई. हात कुठाय म्हणून तिच्या दारात माघारी आणून टाकला न्हाई. मग माझा कोंबडा बगायला तिला शेपटी कशाला लागती?"

बनुबाईनं पदर तोंडाला लावला. नाथाजीतात्या म्हातारे होते, त्यांची स्वतःचीही दोन माणसं पलटणीत होती. त्यांनी देवीच्या तांदळ्याकडं, त्या शेंदरी शिळेकडं, एकदा बघितलं.

"आण," ते म्हणाले. "तिचं-माझं मी बगून घेईन."

त्यांनी सवयीनं ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि लांड्याच्या उघड्या बुडाकडं हात नेला. कोंबडा भामाबाईच्या काखेत घुसायला लागला, त्याची नखं तिच्या दंडात रुतली. तेवढ्यात मानसिंगचा हात मधे आला. त्यानं ती बोडकी जागा तळव्यानं झाकली.

"त्येला कुंकू नगं, तात्या."

"कुंकवाबिगर देवीचा कसा व्हायचा?"

"मग न्हाई व्हायचा," भामाबाई म्हणाली. "ज्येला खूण केली त्येलाच सगळी खात्यात. मी केली, आन ह्या देवीनं नुसतं बगितलं. माझा नवस फिटला तात्या. तिला वाटत आसंल न्हाई फिटला, तर मी घरातच हाय. माझ्याकडं यावं तिनं, पोराकडं न्हाई."

असं देवळात कुणी बोललेलं नव्हतं. नाथाजीतात्यांच्या बोटावर कुंकू तसंच होतं. काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी ते बोट निदान जवानाच्या कपाळाला लावावं म्हणून मानसिंगकडं उचललं.

भामाबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"त्येला बी न्हाई," ती म्हणाली.

तिनं ते मनगट सावकाश खाली केलं, सोडलं, आणि लांड्याला दुसऱ्या काखेत घेऊन टेक उतरायला लागली. मानसिंग तिच्या मागोमाग निघाला. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "आये, दे हिकडं. मी घेतो." तिनं कोंबडा त्याच्या उजव्या हाताखाली नीट बसवून दिला, आणि दोघं घरी गेली.