हाताला बसणारा कीबोर्ड

"हा पण नको. नुसता उशीसारखा मऊ आहे. अक्षर उमटलं की नाही, बोटाला कळायला नको?" टायपिस्टबाईंनी आणखी एक कीबोर्ड बाजूला सारला.

दुकानदार आता घायकुतीला आला होता. काउंटरवर ढीग पडला होता: उंच कळांचे, बसक्या कळांचे, मनगटाखाली गादी असलेले. बाईंचं आपलं एकच पालुपद, हाताला बसत नाही.

"मावशी, सगळं दुकान काढलं तुमच्यापुढे. आता मीच तेवढा उरलोय."

"तुम्ही नको. तुम्ही फार वाजता."

सोबत आलेली सून हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं.

बाईंचा हात म्हणजे हात होता, बरं का. पुस्तकं छापणारे त्यांच्याकडे हस्तलिखितं आणून टाकत. मुंग्या चालल्यासारखं अक्षर असलं तरी बाई ते लीलया वाचत. डोळे कागदावर, बोटं कळांवर. पडद्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. पडद्याकडे बघतो तो शिकाऊ, असं त्यांचं ठाम मत. नवरा गेल्यावर याच बोटांनी त्यांनी घर ओढलं, मुलाला शिकवलं, तेव्हा एवढा तोरा त्यांना शोभायचाही. झालेलं काम छापखान्यात पाठवायचं तेवढं सुनेकडे असे.

अलीकडे डाव्या हाताला सारख्या मुंग्या यायच्या. बाईंनी खापर फोडलं कीबोर्डवर. "झिजलाय मेला," म्हणाल्या, "आता नवा बघू." आणि दोघी इथं आल्या.

दुकानदाराने शेवटी जुना खटखट वाजणारा एक काढून काउंटरवरच्या संगणकाला जोडला. बाईंनी पिशवीतून हस्तलिखिताचं पान काढून समोर ठेवलं आणि हात चालवला. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"हा! हा बसला हाताला. बांधा."

दुकानदार पडद्याकडे बघतच राहिला. सुनेनं त्याला डोळ्यांनी गप्प राहायला खुणावलं, पण उशीर झाला होता.

"मावशी, पण डावीकडची अक्षरं आलीच नाहीत की."

"मग कळा खराब असतील."

त्याने स्वतः दाबून पाहिल्या. अक्षरं भराभर उमटली.

बाईंनी मान वर केली. पडद्यावरचे शब्द दात पडलेल्या तोंडासारखे बोळके झाले होते. त्यांनी डाव्या हाताची करंगळी कळेवर ठेवली आणि दाबली. दाबली असंच त्यांना वाटलं. बोट जागचं हललंही नव्हतं.

त्यांनी तो हात मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाल्या, "मग छापखान्यातून कधी तक्रार कशी आली नाही गं?"

सून खाली बघत होती. "राहिलेली अक्षरं मी भरत होते, आई. तुम्ही दुपारी आडव्या झालात की."

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने. मला वाटलं, नवा कीबोर्ड आला की होईल ठीक."

"आणि एका शब्दानं बोलली नाहीस?"

"कसं बोलू? तुमचा सगळा जीव त्यात."

बाईंना आधी संताप आला. मग लाज वाटली. मग नुसतंच भरून आलं आणि त्यांनी डोळे पुसले, उजव्या हातानं. दुकानदार उगाचच खोकी लावत बसला.

"ऊठ, इथं बस," बाई स्टुलावरून उठत म्हणाल्या.

"मी?"

"नाहीतर काय हे दुकानदार बसणार? बस. हात दाखव."

सुनेची बोटं त्यांनी उलटसुलट करून पाहिली. बोटं आखूड होती. त्यांनी तो खटखट्या कीबोर्ड दूर सारला, ढीग पुन्हा उपसला आणि लहान कळांचा एक तिच्यापुढे ठेवला. "मनगट टेकवू नकोस. खांदे सोड. आणि वर कशाला बघतेस? कागदाकडे बघ."

"आई, मला नाही जमायचं तुमच्यासारखं."

"मलाही नव्हतं जमत."

सून टाइप करू लागली. अडखळत, एकेक अक्षर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तिला कागद नीट दिसत नव्हता. बाईंनी ते पान उचलून तिच्या डोळ्यांजवळ धरलं.

"ओळ संपली की सांग," त्या म्हणाल्या. "मी पान वर सरकवते."