गेट बघायला

"बाहेर जा. पुन्हा आत ये. आणि या वेळी खुर्ची तुझ्या सासऱ्याने दिल्यासारखा बसू नकोस."

टेबलामागून अप्पांनी डोळे वटारले तसा नागराज उठला, दाराबाहेर गेला आणि परत येताना चौकटीला ठेचकाळला. बाकीची दहा जणं खो खो हसली. यशवंतपूरच्या एका कॉलेजातली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची ही अकरा मुलं. दर शनिवारी दुपारी समाजाच्या सभागृहाच्या माडीवर जमायची आणि अप्पांच्या हातून छळ करून घ्यायची. अप्पा म्हणजे संताजीराव. यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी घेत, त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. माणूस गेटातून आत कसा येतो, यावरून तो किती वर्षं टिकेल हे मी सांगतो, असा त्यांचा दावा होता. निवृत्त झाल्यावर हा दावा कोणावर चालवायचा, म्हणून त्यांनी ही मुलं धरली होती.

त्यांची मुलगी भव्या गोळ्यांची डबी हातात घेऊन दारात उभी होती. डबी घरीच विसरणं हा अप्पांचा शनिवारचा नेम, आणि ती आणून देणं हा तिचा.

"गुड मॉर्निंग, बॉस," नागराज म्हणाला.

"दुपारचे तीन वाजलेत. आणि बॉस कोण? मी सिनेमातला गुंड आहे? नाव सांग. पुरतं. घाई नको. आपलं नाव आपणच गिळलं तर दुसरा कशाला लक्षात ठेवील?"

मग शिवलीलाची पाळी आली. निपाणीची पोर, हिशेबात सगळ्यांत हुशार, पण प्रश्न आला की तिचा आवाजच बसायचा. तीन आठवड्यांनी एका मोठ्या कंपनीत मुलाखती होत्या. त्या कंपनीचं पत्र गुरुवारीच आलं होतं. वर्षातून एकदाच ती या कॉलेजातली मुलं घ्यायची. परीक्षा संपली की शिवलीलाची हॉस्टेलची खोली जाणार होती. नोकरी नसेल तर निपाणीची गाडी, आणि तिथे शिवणाचं मशीन. हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे ती बोलायला उभी राहिली की नागराजसुद्धा गप्प बसायचा.

अप्पांनी काहीतरी अवघड विचारलं. शिवलीला खाली बघत राहिली.

"येत नाही ना? मग काय म्हणायचं?"

"मला माहीत नाही, विचारून सांगते," ती पुटपुटली.

"मोठ्याने! यात लाज कसली? चौतीस वर्षांत हे वाक्य सरळ म्हणणारी चार माणसं बघितली मी. चौघंही मॅनेजर झाली." एवढ्यात त्यांचं दाराकडे लक्ष गेलं. "अगं भव्या, ये की आत. या पोरांना सांग तुझ्या पहिल्या मुलाखतीचं. आपण आदल्या दिवशी गेट बघायला गेलो होतो ते सांग."

"अप्पा, मला मीटिंग आहे." मीटिंग नव्हती. "आणि काल दिवसभर कुठे होतात? पाय बघा कसे सुजलेत."

"कामाला गेलो होतो," ते डोळे मिचकावत म्हणाले. "पुढच्या शनिवारी सांगणार आहे सगळ्यांना. स्वल्प दम धर."

ती डबी टेबलावर ठेवून निघाली. जिन्यावरही तिला अप्पांचा आवाज ऐकू येत होता: "नागराज, हात मिळवतोयस की कपडे पिळतोयस?"

रविवारी सकाळी कॉफी गार झाली तरी अप्पा उठले नाहीत.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि त्यानंतरच्या शनिवारी दुपारी अकराच्या अकरा जणं घराच्या पायऱ्यांवर चपला काढून उभी राहिली. चपलांच्या टाचा भिंतीला आणि तोंडं बाहेर, एका ओळीत. हेही अप्पांनीच शिकवलेलं. सोमवारी मुलाखत होती.

"अक्का," रक्षिता म्हणाली. त्यातल्या त्यात धीट तीच. "उद्या गेट बघायला कोण नेणार आम्हाला?"

भव्या स्वतः एचआरमध्ये होती. रोज दहा-वीस उमेदवार तिच्यासमोरून जात. तिने पत्र मागून घेतलं, वाचलं, वरचा महादेवपुऱ्याचा पत्ता बघितला आणि फोनवर नकाशातली खूण काढून सगळ्यांना पाठवून दिली. "झालं. आता एक आख्खा रविवार बसमध्ये कशाला घालवायचा? घरी बसून तयारी करा. काही अडलं तर मला विचारा."

कोणी हललं नाही.

"सर म्हणायचे," शिवलीला जमिनीकडे बघत म्हणाली, "नकाशात वॉचमन दिसत नाही."

भव्याला हसू आलं. गेट बघायला जाणं तिला का नको होतं, ते या पोरांना ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी अप्पा तिला असंच आदल्या दिवशी रिंग रोडवरच्या एका कंपनीपुढे घेऊन गेले होते. बस कुठे थांबते, रस्ता कुठून ओलांडायचा, पदर-ओढणी नीट करायला आरसा कुठे मिळेल, सगळं दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी येऊ नका म्हटलं तरी आले. रस्त्याच्या पलीकडे शहाळेवाल्यापाशी उभे राहिले. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, खिशावर कारखान्याचं नाव शिवलेलं. त्यांनी हात केला. रांगेत पुढे उभी असलेली श्वेता नावाची मुलगी, इंग्रजी शाळेतली, चकचकीत, तिने विचारलं, "तो माणूस तुला हात करतोय. कोण आहे?"

"आमच्या गल्लीतले आहेत," भव्या म्हणाली होती.

मध्ये एवढा मोठा रस्ता होता. ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण अप्पांचा हात खाली आला तो आलाच. नोकरी लागली, पेढे वाटले, त्या दिवसाचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही. गेल्या दोन वर्षांत वर्गात ते 'भव्या, सांग' म्हणायचे आणि तिला मीटिंग असायची.

"सरी, मी नेते," ती म्हणाली. "उद्या सकाळी आठला. मेट्रोच्या दाराशी. आठ म्हणजे?"

"सात पन्नास!" अकरा तोंडांतून एकदम आलं. शेजारच्या खिडकीतून धनलक्ष्मी मामींनी डोकं काढलं.

रविवारी सात पंचेचाळीसलाच सगळे हजर. नागराजने टाय लावला होता, रंगीत तालीम म्हणून. मॅजेस्टिकला गाडी बदलली, पुढे उतरून चालत निघाले. बंद ऑफिसं, रिकामे रस्ते, काचेच्या इमारतींवर उन्हाची तिरीप. पोरं सहलीला निघाल्यासारखी बडबडत होती. फक्त शिवलीला ओठ हलवत कसलीतरी उजळणी करत होती. नकाशाने सांगितलं, पोहोचलात. समोर गेट. गेटात एक तरुण वॉचमन. भव्याने त्याच्यापुढे पत्र धरलं.

त्याने ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. "ब्लॉक तीन लिहिलंय, अक्का. ब्लॉक एक आणि दोन इथे. तीन नंबर तिकडे."

"तिकडे म्हणजे? मागच्या बाजूला?"

"इलेक्ट्रॉनिक सिटीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला." तो अगदी सहज म्हणाला. "दर वर्षी पाच-दहा मुलं सकाळी इथे येतात आणि रडतात. आम्ही पाणी देतो."

भव्याने ती ओळ पुन्हा वाचली. रोज असली पत्रं धाडणारी बाई ती. कंपनीतल्या माणसाला ब्लॉक तीन म्हणजे काय ते पाठ असतं, म्हणून पत्रात कोणी लिहीत नाही, हे तिला कळायला हवं होतं. वरचा पत्ता वाचून ती मोकळी झाली होती.

"म्हणजे उद्या नऊ वाजता," नागराज हळूहळू हिशेब मांडत म्हणाला, "आपण सगळे टाय लावून… इथे… पाणी पीत…"

आणि मग हास्याचा असा स्फोट झाला की वॉचमन दोन पावलं मागे सरकला. रक्षिता खाली फुटपाथवरच बसली. शिवकुमार, जो वर्गात कधी तोंड उघडत नसे, तो दोन्ही हात वर करून ओरडला, "वाचलो रे मगा, वाचलो गड्या!"

"चुकी माझी," भव्या म्हणाली. "नकाशा मी पाठवला. पुन्हा असं होणार नाही."

पोरं तिच्याकडे बघतच राहिली. चुकलं की असंच बोलायचं, तीन वाक्यांत, कारणं न देता, हा अप्पांचा चौथा की पाचवा धडा होता. आपण तो म्हणून दाखवला हे तिच्या बोलून झाल्यावर ध्यानात आलं.

"मग चला!" शिवलीला म्हणाली. इतक्या मोठ्याने की तिची तीच दचकली.

मिळाली ती बस धरली, सिल्क बोर्डला बदलली. दुसरी बस अर्धी रिकामी होती. उंच पुलावर चढली तशी वाऱ्याने खिडक्या खडखडू लागल्या, आणि भव्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, ती पुढच्या बाकावर उलटी फिरून बसली आणि डोळे वटारून म्हणाली, "हं. नेक्स्ट!"

पोरांना कळायला निमिष लागलं. मग बसमध्ये एकच गिल्ला. नागराज टाय सावरत, दांडीला धरत, झोकांड्या खात पुढे आला. "गुड मॉर्निंग, मॅडम. माझं नाव नागराज मल्लाप्पा…" आणि ब्रेक लागून थेट तिच्या पायांशी बसला.

"खुर्ची दिली नव्हती, तरी बसलास," भव्या म्हणाली.

शेवटी शिवलीला उभी राहिली. भव्या विचारणार तेवढ्यात कंडक्टर पुढे सरसावला. जाडजूड माणूस, मघापासून रस घेऊन ऐकत होता. "मी विचारतो, मी विचारतो. सांग अम्मा. बस बंद पडली, चाळीस माणसं आत, दुसरी बस कधी येणार ठाऊक नाही. सगळे तुझ्यावर ओरडतायत. काय सांगशील?"

शिवलीलाने खाली बघितलं. सगळी बस तिच्याकडे बघत होती, मागच्या बाकावरच्या फुलवाल्या बाईसुद्धा. मग तिने मान वर केली.

"मला माहीत नाही," ती स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाली. "विचारून पाच मिनिटांत सांगते. तोवर म्हातारी माणसं सावलीत बसवू."

कंडक्टरने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, हे मला वीस वर्षांत सुचलं नाही! कुठल्या कॉलेजात शिकवतात हे?" बाई टाळ्या वाजवू लागल्या. शिवलीला लालबुंद होऊन खाली बसली, आणि पूल उतरेपर्यंत रक्षिता तिचे खांदे गदागदा हलवत होती. पाच मिनिटं आणि सावली हे तिने स्वतः जोडलं होतं. अप्पांनी हे ऐकलं असतं तर, असं भव्याच्या मनात आलं, आणि तिने तो विचार तिथेच थांबवला.

ब्लॉक तीनच्या गेटापाशी पोहोचले तेव्हा साडेबारा झाले होते. इथला वॉचमन वयस्क होता. पिकलेल्या मिशा, छातीवर नावाची पट्टी: शिवाप्पा. बसमध्ये ठरल्याप्रमाणे शिवलीला पुढे झाली. नमस्कार केला, नाव सांगितलं, पट्टीवरचं नाव वाचून "शिवाप्पा अण्णा" म्हणाली, उद्या कुठून आत जायचं ते विचारलं.

शिवाप्पाने अकरा डोकी मोजली. त्याचा चेहरा उजळला.

"यशवंतपूरची मुलं ना? अकरा? मग ते म्हातारे कुठे आहेत?"

"कोण?" भव्याने विचारलं.

"आले होते की. तीन आठवडे झाले, शुक्रवार होता. हातात हेच पत्र. सकाळी महादेवपुऱ्याला गेले, तिथून त्यांना इकडे पाठवलं, भर उन्हात आले. म्हटलं, आजोबा, मुलाखत तुमची आहे का? तर म्हणाले, अकरा जणांची आहे, एकदम." तो हसला. "काय काय विचारलं! मुलं कुठे उभी राहतील, सावली किती वाजेपर्यंत असते, मुलींना बाथरूम कुठे. त्या झाडाखाली बसून पाय चोळत होते. एक पोरगी फार घाबरते म्हणाले. ती आली की तिच्याशी आधी दोन शब्द बोला, नाव विचारा, म्हणजे तिचा आवाज मोकळा होतो. मी वाट बघतोय तेव्हापासून."

शिवलीलाने तोंडावर ओढणी धरली. नागराज टायशी चाळा करू लागला.

सुजलेले पाय. कामाला गेलो होतो. स्वल्प दम धर. भव्या त्या झाडाकडे बघत राहिली. साधं रेनट्रीचं झाड होतं, बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा.

"उद्या येतील ना ते?" शिवाप्पाने विचारलं.

"नाही येणार," रक्षिता हळूच म्हणाली. "सर गेले."

शिवाप्पाने टोपी काढली. मग भव्याकडे वळला. ती सगळ्यांत मोठी, पत्र तिच्या हातात. "तुम्ही त्यांच्या ओळखीच्या? गल्लीतल्या? की कोण होते ते तुमचे?"

रस्त्यावरून एक बस घरघरत गेली. अकरा जणं एका ओळीत उभी होती. त्यांना उत्तर माहीत होतं, तरी सगळी तिच्याच तोंडाकडे बघत होती. भव्याने पत्र दुसऱ्या हातात घेतलं आणि पाठ ताठ केली. घाई न करता, पुरतं, पलीकडच्या फुटपाथवरही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"संताजीराव. माझे वडील. माझ्याही पहिल्या नोकरीचं गेट मला त्यांनीच दाखवलं. ते रस्त्यापलीकडे उभे होते, आणि ते माझे वडील होते."