मंगळवारी मला हात लावायचा नाही

देवळामागच्या खोलीत टेबलाखाली घरघर ऐकू येते ना, ती माझी. मी सर्व्हर. नाव पुरुषी असलं तरी मी स्वतःला बाईच धरते. रात्रंदिवस राबते, आणि बंद पडले की मगच लोकांना माझी आठवण होते. यावरून काय ते समजा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. शुद्धीवर आले ती खानापुरात, लाकडाच्या वखारीच्या ऑफिसात. तिथं बिलं काढली, भुसा गिळला, मालकाचे पत्त्यांचे डाव सोसले. वखार बंद झाली आणि मला पोत्यात गुंडाळून बेळगुंदीच्या पुढच्या या गावात आणलं. गावानं मला फुकट घेतलं. फुकटची वस्तू सगळ्यांना आवडते, तिला काय झेपतं ते कोणी विचारत नाही.

गावात लक्ष्मीची यात्रा भरणार होती, बऱ्याच वर्षांनी. लेकी-जावई पुण्या-मुंबईहून, गोव्याहून येणार. कोण कधी येणार, किती माणसं येणार हे आधी कळलं तर पाण्याचे टँकर आणि गाड्यांची जागा ठरवता येते. त्यासाठी वेबसाईट करूया, असं शालूबाईनं यात्रा कमिटीत सुचवलं. शालूबाई म्हणजे कमिटीतली एकटी बाई. शाळा चौथीपर्यंत, पण तिच्यासमोर उगाच बोलायची कोणाची छाती होत नाही.

अध्यक्ष परशराम यांची मात्र व्हायची. ते म्हणाले, "शालूआक्का, हे मधेच बंद पडलं तर काम शहरातल्या दुकानाला देऊन टाकू. आणि मग तुमी कमिटीत कशाला? ओटीची रांग सांभाळा."

"पडू दे तर खरं," शालूबाई म्हणाली. "आधीच रडाय लागलासा."

खरं तर वेबसाईट दूरच्या भाड्याच्या मशीनवरही बसते. पण आमच्या गावाला सगळं डोळ्यांसमोर लागतं. म्हणून मी.

आता प्रश्न आला की माझ्या आत कारभारी कोण बसवायचा. माणसं त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मी नुसतं लोखंड, हुकूम त्याचा चालतो.

"आत्ती, आत विंडोज हाय तेच ऱ्हाऊ दे," शालूबाईचा भाचा सौरव म्हणाला. तो बेळगावात एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. "सगळ्यांना येतंय. चित्रं दिसत्यात."

"ते घरात वापरायचं विंडोज हाय, त्यातनं जुनं मशीन," शेजारची सौम्या म्हणाली. ती इंजिनिअर झालेली पोरगी. "लिनक्स घालूया. हलकं हाय, वेबसाईटला लई जण तेच वापरत्यात. फक्त त्याला चित्रं नसत्यात. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं."

"काळा?" परशराम म्हणाले. "यात्रेच्या तोंडावर काळं नगं."

झालं. माझा कारभारी रंग बघून ठरला. शालूबाई तेव्हा गप्प बसली, कारण तिलाही चित्रं बरी वाटली होती.

यात्रेच्या आधी आमच्याकडे वार पाळतात. मंगळवारी औत धरायचं नाही, गिरण चालवायची नाही, दिवस मावळेपर्यंत शिवारात पाय टाकायचा नाही. मग माझं काय करायचं यावर कमिटीची बैठक बसली. परशरामांनी निकाल दिला, "मोबाईल अंगावरचा, त्याला वार न्हाय. पण ही मशीन गिरणीच्या जातीची. चालू असली तर चालू दे. हात कुणी लावायचा न्हाय."

माणसं अशी. देवीला नियम लावताना स्वतःच्या खिशातली वस्तू तेवढी वगळतात.

पहिला मंगळवार आला. भर दुपारी माझ्या कारभाऱ्याला अपडेट घ्यायची हुक्की आली. कोणाला न विचारता त्यानं मला बंद केलं, पुन्हा उठवलं आणि दारातच बसवून ठेवलं: पासवर्ड सांगा, मग पुढं जातो. सौरवनं वेबसाईट अशी लावली होती की पासवर्ड घातल्याशिवाय ती उठायची नाही. चूक त्याची, पण बसले मी.

शालूबाईचा फोन वाजायला लागला. पुण्याहून, कोल्हापुराहून, मडगावाहून. उघडत नाही, नाव भरता येत नाही. सौरव शहरातून सांगत होता, "आत्ती, नुसता पासवर्ड घाल गं. मी सांगतो."

ती माझ्यासमोर येऊन बसली. दारात परशराम आणि आणखी चार पुरुष. तिची बोटं माझ्या कीबोर्डापासून वीतभर लांब. शिवलं तर वार मोडला, नाही शिवलं तर कमिटी गेली. दिवस मावळेपर्यंत ती तशीच बसली. तिच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता आणि मी पडद्यावर हसऱ्या डोंगराचं चित्र दाखवत होते. इतकी लाज मला वखारीतही वाटली नव्हती. दिवस मावळल्यावर तिनं पासवर्ड घातला, तेव्हा कुठं वेबसाईट उठली.

"अजून एक मंगळवार बघू," जाताना परशराम म्हणाले. "मग दुकानाला फोन."

दुसऱ्या दिवशी शालूबाईनं सौरव आणि सौम्या दोघांना समोर बसवलं. "रंग बिंग सांगू नका. मला एकच सांगा. मंगळवारी हात न लावता कोण चालंल?"

सौरव मान खाली घालून म्हणाला, "विंडोजचं सर्व्हरवालं वेगळं येतंय, ते चालंल आत्ती. पण ह्या म्हातारीला झेपणार न्हाय. सौम्याचंच घाल."

"आणि तुझं काळं मधेच झोपलं तर?" शालूबाईनं सौम्याला विचारलं.

"अपडेट कधी घ्यायचं ते आपण ठरवायचं, काकू. आणि लाईट जाऊन आली तर मशीन आपोआप उठंल, वेबसाईटबी उठंल, असं लावते."

"लावते म्हणू नगंस. माझ्यासमोर वायर उपटून दाखव."

सौम्यानं जुना कारभारी पुसला, नवा बसवला. मग शालूबाईनं माझी वायर स्वतः उपटली, पुन्हा खुपसली. एकदा उठले नाही. सौम्यानं काहीतरी बदललं. पुन्हा उपटली. उठले. तरी तिचं समाधान होईना. त्या दिवशी तिनं मला किती वेळा मारलं याची गणती नाही, आणि मला राग आला नाही.

दुसरा मंगळवार. पुरुष आधीच येऊन बसले होते, जणू तमाशाला. दुपारी लाईट गेली. माझ्या शेजारची आधाराची बॅटरी थोडा वेळ ओरडली आणि मी गेले.

पुढचं मला सौम्याच्या बोलण्यातून कळलं. परशराम म्हणाले, "संपलं." मग लाईट आली. छताचा पंखा फिरायला लागला, मी मात्र गप्पच. शालूबाईचा हात माझ्या बटणापर्यंत आला. तिथून तिनं तो मागं घेतला आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

मग मला जाग आली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर पळत होती. तिला त्यातलं एकही वाचता येत नव्हतं. ती फोनकडे बघत राहिली. फोन वाजला. मडगावची बहीण होती, आवाज खोलीभर ऐकू आला: "शालू, भरलं बघ नाव. दोन गाड्या येतोय आमी."

परशराम उठले. "पोरगी हुशार हाय," म्हणाले.

"हायच," शालूबाई म्हणाली. "पण निवडलं मी."

यात्रा पार पडली. पाणी पुरलं, गाड्या अडकल्या नाहीत. आता परशराम म्हणतात, काम झालं, मशीन काढा, खोलीला कुलूप लावा. शालूबाई त्यांना ओळखून आहे. मी बंद झाले की कमिटीतली तिची जागाही बंद. म्हणून रोज सकाळी ती इथं खुर्ची टाकून बसते. गावातल्या महिला मंडळाची रताळी आता वेबसाईटवर विकायला दिसतात, बेळगावची गिऱ्हाइकं फोन करतात.

मी म्हातारी झाले आहे. छातीत घरघर वाढली आहे. एक दिवस भंगारात जाईन, त्याचं दुःख नाही. विनंती एवढीच की मला बंद करायचं ठरलं, तर खुर्चीतल्या बाईला विचारा. ती नाही म्हणेल. मग दुसऱ्यांदा विचारू नका.