फळांचा गड

"पपईला कुणी हात लावणार न्हाई, बाई. आदीच सांगून ठिवते," पेरू चिरता चिरता चंपामावशी म्हणाल्या.

कार्ल्याजवळच्या एका अंगणवाडीत मावशी मदतनीस होत्या. पोरांना घरून आणायचं, नाकं पुसायची, खिचडी रांधायची, भांडी घासायची. आज दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस, आणि वयाची मर्यादा पूर्ण झाल्याने मावशींच्या नोकरीचाही शेवटचाच. जाता जाता पोरांना तुपातला शिरा करून घालायचा, असं त्यांनी कधीपासून मनात धरलं होतं. पण पर्यवेक्षिका चैताली मॅडमचा निरोप आला. साखर नको, गूळ नको, बेकरीचं तर नावच नको. फळांचा खाऊ करा, मुलांना एकमेकांत वाटून खाऊ द्या, मी फोटो काढायला येते.

"फळं द्यायला मदतनीस कशाला लागती? वर देवीच्या डोंगरावर माकडंबी खात्यात की," मावशी कुरकुरल्या.

अंगणवाडीच्या सेविका उज्ज्वलाबाई हसल्या. "तुम्ही काहीतरी युक्ती कराल, मावशी."

मावशींनी केलीच. मोठ्या परातीत केळ्यांचे बुरूज उभे केले, पेरूच्या फोडींची तटबंदी रचली, पपईचा दरवाजा लावला. बिया काढलेल्या खजुरांचे मावळे केले, डोक्यावर खोबऱ्याच्या टोप्या. डाळिंबाचे दाणे झाले तोफगोळे.

परात मधोमध ठेवली तशी पोरं भोवती गोळा झाली. फोटो काढायला आलेल्या मॅडमनी मोबाईल सरसावला. "चला बाळांनो, खा बरं."

कुणी हलेना.

"खायाचा न्हाई," पाच वर्षांचा स्वराज म्हणाला. "गड हाय त्यो."

"अरे, फळंच आहेत ती."

"आत मावळं हायती."

शेजारच्या प्रेरणाने दोन्ही हात पसरून पपईचा दरवाजा अडवला. मग सगळीच पोरं पाठमोरी होऊन परातीभोवती पहाऱ्याला बसली. मॅडमनी मावशींकडे पाहिलं. केळी काळी पडायला लागली होती.

"आरं, म्या बांदलाय ना गड? मीच सांगते, खावा," मावशी म्हणाल्या.

स्वराजने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमी फितूर झालाव, मावशी."

तेवढ्यात शेजारच्या बजरंगआबांची शेळी उघड्या दारातून आत शिरली आणि कुणाला कळायच्या आत एक बुरूज मटकावून मोकळी झाली. पोरांनी एकच कालवा केला. मावशींनी केरसुणी उचलली.

"आरं, बगता काय? गड वाचवा. तोंडात लपवा समदा!"

पोरं तुटून पडली. स्वराजने तटबंदी गालात कोंबली. प्रेरणाने पपईचा दरवाजा मोडून आजूबाजूच्या तिघांना भरवला. थोरल्यांनी धाकट्यांच्या तोंडात मावळे दडवले. मावशी शेळीला अंगणभर पळवून धापा टाकत परत आल्या, तेव्हा परात लख्ख झाली होती आणि पोरं तोंडं घट्ट मिटून बसली होती.

मॅडम फोटो बघत होत्या. "यात फळं कुठं दिसतायत?"

"आत आहेत," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

मावशींनी पदराने घाम पुसत मोबाईलमध्ये डोकावलं. पोरांच्या मागे दाराशी केरसुणी उगारलेली एक बाई पाठमोरी दिसत होती.

"मॅडम, यवडा फोटू आमच्या सुनंच्या, सविताच्या मोबाईलवर धाडाल का? इतकी वर्सं झाली, पर हितला माजा एकबी फोटू न्हाई."

मॅडमनी लगेच पाठवला.

संध्याकाळी सुनेने तो मोठा करून दाखवला. "आत्या, यात तुमचं तोंडच दिसंना की."

"पोरांची दिसत्यात ना," मावशी म्हणाल्या. मग एकेका फुगलेल्या गालावर बोट ठेवत त्या सविताला नावं सांगू लागल्या.