कोंचाला पोचवायची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. चेस्टनटच्या लाकडाची, छातीइतकी उंच, टोकाला लोखंडी टोपी. सांतियागोच्या देवळाकडे पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर एक जीवघेणा चढ लागतो. त्याच्या पायथ्याशी बाल्बिनाची खानावळ आहे. तिच्या नवऱ्यानं वादळात मोडलेली फांदी तासून, हिवाळाभर चुलीच्या धुरावर टांगून मला घडवलं.

माझं काम सोपं. ज्याचे गुडघे कुरकुरतात त्याच्याबरोबर डोंगर चढायचा, माथ्यावर बाल्बिनाची नणंद कोंचा हिच्या धर्मशाळेच्या दारातल्या पिंपात उभं राहायचं आणि सकाळी पावाच्या गाडीतून, गरम पावांना टेकून, ऐटीत खाली यायचं. वीस वर्षांत लोकांनी माझे फोटो काढले, मुके घेतले. एक हिवाळा मात्र बाल्बिनानं मला खुराड्याचा अडसर केलं होतं. त्या वासाबद्दल मी काही बोलणार नाही.

पण मला सांगायचंय ओनोफ्रेबद्दल. हा सामोरा गावचा बस ड्रायव्हर, निवृत्त झालेला. दर वर्षी आठवडाभर चालून त्यानं एवढी वाट कापली होती आणि आता सहाच दिवसांची उरली होती. पण गुडघा सुजून टम्म. बरोबर लेक होती, एल्विरा. तिनं डॉक्टरांसमोर कबूल करून घेतलं होतं की पाय अडला की टॅक्सी, टॅक्सी केली की थेट घर, आणि परत चालायचं नाव काढायचं नाही.

बाल्बिनानं त्याला काठी देऊ केली. "काठ्या म्हातारी माणसं घेतात," म्हणाला. वय सत्तर.

बाल्बिना आत आली, माझ्या गळ्यात सुतळी बांधली आणि साळसूद चेहऱ्यानं बाहेर गेली.

"काका, एक काम होतं. ही काठी वर माझ्या नणंदेला पोचवायची आहे. आज गाडी नाही. तुम्हाला जड होणार असेल तर राहू द्या."

जड! लगेच उचललं मला. आणि मित्रांनो, या बाबाजीनं मला चक्क खांद्यावर घेतलं, शिपाई बंदूक घेतो तसं. एल्विरा म्हणाली, जरा टेकत चला की. तर म्हणे लोकांची वस्तू आहे, टोक झिजेल. तासभर मी आभाळ बघत गेले. खाली माणूस लंगडतोय आणि काठी पालखीत! माझ्या उभ्या आयुष्यात असा अपमान झाला नव्हता.

पुढे वाट दगडांची, त्यात शेण आणि झऱ्याचं पाणी. समोरून गाई उतरत होत्या. त्यांना जागा द्यायला तो बाजूला सरकला, पायाखालचा दगड कलंडला आणि तो मटकन खाली बसला. चेहरा पांढराफटक. एल्विरानं फोन काढला. रागावली नव्हती ती, घाबरली होती.

"बाबा, बास आता."

तो फोनकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. अरे टेकव ना बाबा, मी मनात म्हणत होते, मी काय शोभेची आहे का?

"ही ओली झालीये गं," तो म्हणाला. "जरा टोक टेकवत नेतो. वाळेल तेवढीच."

गच्च धुकं होतं. त्या डोंगरात धुवायला टाकलेला रुमाल तीन दिवस वाळत नाही. एल्विराला ते कळत होतं. तिनं फोन खिशात टाकला, तोंड फिरवलं आणि म्हणाली, "हो, वाळू दे नीट."

मग त्यानं सगळा भार माझ्यावर टाकला. मी करकरले, पण वाकले नाही. दहा पावलं, थांबा. परत दहा पावलं. मागून येणारे पुढे गेले, गोगलगाईसुद्धा गेल्या असतील. पण दुपारी आम्ही माथ्यावर होतो.

दारात तो ताठ झाला, सरकारी पत्र द्यावं तसं मला कोंचाच्या हाती दिलं. कोंचानं आभार मानले आणि सवयीनं मला पिंपात टाकलं. तिथे अकरा काठ्या आधीच उभ्या, सगळ्यांच्या गळ्यात सुतळी.

ओनोफ्रेनं पिंप पाहिलं. एल्विरानं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा गडी चिडला तर डोंगर चढूनही इथूनच घरी जाणार.

"आज मी कितवा?" त्यानं विचारलं.

"बारावे," कोंचा सूप वाढत म्हणाली. "पण खांद्यावरून आणायला निघालेले पहिलेच. बाल्बिनाचा फोन आला होता."

तो बाकावर टेकला. खाली मान घालून कोबी-बटाट्याचं सूप दोन वाडगे प्यायला. सकाळी पावाची गाडी मला न्यायला उभी होती, तेवढ्यात तो आला आणि त्यानं स्वतःच्या हातानं मला पिंपातून काढलं.

"पुढे उतार आहे," तो म्हणाला. "ही मला लागेल."

सगळ्यांसमोर म्हणाला, लेकीसमोर म्हणाला. चढापेक्षा ते तीन शब्द जड होते, मला विचारा.

सहा दिवसांनी आम्ही सांतियागोला पोचलो. परत आणून द्यायलाही तो स्वतः आला, बसनं, मला तेल चोपडून.

तर मित्रांनो, आम्हा काठ्यांना वर्षातून एकदा जवसाचं तेल लावा, ओल्यात ठेवू नका, खुराड्याला तर मुळीच लावू नका. आणि तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याला आधार हवा असतो पण मागवत नाही. त्याला उपदेश करू नका. कुठेतरी काहीतरी पोचवायला द्या, आणि मागून सावकाश चालत राहा.