उलट्या तारा

गिरणीच्या पट्ट्यात मावशीचा डावा हात अडकला, तेव्हा गावाने आधी गिरणी बंद केली आणि मग तिला न विचारताच तिचं वाजवणंही बंद करून टाकलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं होतं. दळण दळायची ती पोटासाठी, पण गावाला ती ठाऊक होती व्हायोलिनसाठी. तिने गज ओढल्याशिवाय कुठल्या लग्नात कुणाचा पाय उचलला नव्हता. वडिलांनी शिकवलेल्या नाचाच्या चाली तिला झोपेतही आल्या असत्या. आता तारा दाबायला बोटंच पुरी नव्हती.

जखम भरत आली तसा धाकटा भाऊ शहाणपण शिकवायला आला.

"ताई, ते व्हायोलिन डोळ्यांसमोर नको. उगाच जीव जळतो. शेजारच्या गावच्या वाजवणाऱ्याला देऊन टाकू. इकडच्या लग्नांतही तोच वाजवेल म्हणतोय."

"वाटणी करून मोकळे झालात का रे? मी जिवंत आहे अजून. ठेव ते खाली."

"अगं, पण वाजवणार कशाने?"

"उजव्या हाताची बोटं शाबूत आहेत. की तीही कुणाला कबूल करून आलायस?"

दुसऱ्या दिवशी ती सुताराकडे गेली. म्हाताऱ्याने तारांखालची घोडी फिरवली, तारा उलट्या क्रमाने चढवल्या आणि डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांत नीट बसावी म्हणून गजाची मूठ जाड करून दिली.

"आवाज घोगरा येईल हं," तो म्हणाला.

"माझाही घोगराच आहे. जमेल आमचं."

जमता जमेना. चाल डोक्यात लख्ख, पण उजवी बोटं भलत्याच तारेवर जाऊन पडायची. डाव्या हातातला गज करंगळीच्या आधाराविना कलंडायचा. पन्नाशी उलटलेल्या बाईने पुन्हा पाटीवर अक्षरं गिरवावीत तशी ती गिरणीच्या दारात बसून करकर करत राही. दळण टाकायला आलेल्या बायका पीठ घेऊन पळ काढत. एकदा तिने गज पोत्यांवर भिरकावला आणि तोंडाशी पदर घेऊन हमसून हमसून रडली. मग नाक पुसलं आणि गज शोधायला उठली.

"निदान दार तरी लावत जा," भाऊ वैतागला. "लोक हसतात."

"हसू देत. त्यांच्या पोरांनी चालायला शिकताना माझ्या ओट्यावर आपटी खाल्ली, तेव्हा मी दार लावलं होतं?"

बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न ठरलं. आमंत्रण द्यायला आलेला बाप टोपी हातात चुरगळत उभा राहिला.

"मावशी, वाजवायला त्या शेजारगावच्याला सांगितलंय. तुम्ही आपलं मानाने पुढे बसायचं."

"येते की. कुठे बसायचं ते माझं मी बघेन."

लग्नाच्या दुपारी ती व्हायोलिन काखेत घेऊनच सभागृहात शिरली. बाकं भिंतीशी सरकवलेली, मधली जागा नाचायला मोकळी. भावाने तिचा दंड धरला.

"ताई, शोभा होईल."

"होऊ दे. झाली तर माझी होईल." तिने दंड सोडवून घेतला आणि थेट मंचावर चढली. शेजारगावचा वाजवणारा पोरसवदा होता. तिला पाहून त्याचा गज हवेतच थांबला.

"दमला असशील बाबा. पाणी पी," मावशी म्हणाली. त्याने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

तिने व्हायोलिन उजव्या खांद्यावर घेतलं. पहिलाच स्वर घसरला. कुणीतरी फिसकन हसलं. मावशीने गज खाली घेतला.

"हसून घ्या सगळे. मी थांबते. नंतर नाचताना दम लागेल."

तिने संथ चाल धरली. आवाज खरखरीत, पण ताल पक्का, कारण टाचेने ती लाकडी फळीवर ठोका देत होती. नवरीने बापाला ओढून मध्ये आणलं. सुतार एकटाच गिरक्या घेऊ लागला. हळूहळू जागा भरली. दोन-तीन बायका तोंड फिरवून बसल्या त्या बसल्याच. बोट पुन्हा चुकलं, तेव्हा मावशीने तो चुकीचा स्वर असा लांबवला, की नाचणाऱ्यांनी त्यावर एक जास्तीची गिरकी मारून घेतली. शेजारगावच्या पोराने, मीही वाजवू का, असं नजरेनेच विचारलं.

"ये," ती म्हणाली, "पण माझ्यापुढे पळू नकोस."

तीन चाली झाल्या आणि लोक ओरडले, "आणखी एक!"

"तीनच बसल्यात हाताला. चौथी हवी असेल तर पहिलीच पुन्हा ऐका."

आणि तिने पहिलीच पुन्हा सुरू केली. भाऊही नाचला, तिच्याकडे न बघता.

निघताना पोरगा तिच्यामागे आला. "मावशी, ती संथ चाल मला शिकवाल?"

"शिकवेन. पण ती संथ नाही रे, चांगली धावती आहे. सध्या मला एवढीच पळवता येते."