नाण्याने निघालेली करणी

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावर सरियेम आजी पालथी पडली होती आणि मांत्रिक सुरादिपा नाण्याने तिची पाठ घासत होता. नाणं फिरेल तिथे कातडी काळीनिळी पडत होती.

"बघा! नुसता वारा असता तर लाल उठलं असतं. हा काळा! ही करणी! शौचालाही काळं होतंय ना? सगळी घाण बाहेर पडतेय. मी दिलेली औषधाची पुडी चालू ठेवा."

अंगात वारा शिरला की नाण्याने पाठ घासायची, हे जावा बेटावरच्या या क्लातेन भागात घरोघरी चालतं. पण इतकं काळं कुणी पाहिलं नव्हतं. लोक हात जोडून उभे होते.

आजीच्या लेकीचं, एन्दांगचं, डोकं भडकलं. हृदयाची झडप बदलल्यापासून आई रक्त पातळ करणारी गोळी घेत होती. शौचाला काळं झालं तर तडक घेऊन या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण भाऊ सुतोपोला या भामट्याचाच शब्द खरा वाटत होता.

"म्बाह, माझा दंड घासा," आजोबांना मारतात तशी हाक मारून ती पुढे झाली.

दंडावर लाल रेघा उठल्या.

"तुला काही नाही, पोरी."

"आता हार्जोकाकांचा घासा."

हार्जोकाका सुरादिपाचे पक्के भक्त. त्यांचीही झडप बदललेली. सुरादिपाने नाणं खिशात टाकलं. "आज पुरे. नाणं थकलं."

"थकतं कसं? घासा की!" काकांनीच बाही वर केली.

दंड काळा पडला. काकांचा चेहरा उतरला.

"यांच्यावर कुणी केली करणी? बोला ना!" एन्दांग ओरडली. "हे दोघं एकच गोळी घेतात. तिच्यामुळे कातडीखाली सांडलेलं रक्त लवकर थांबत नाही. हे ठाऊक होतं, म्हणूनच नाणं थकलं ना?"

"मग शौचाचं काळं?" सुतोपोने विचारलं.

"रक्तच आहे ते! पोटात सांडलेलं. ऊठ, गाडी आण!"

दवाखान्यात रक्त चढवलं, पण उशीर झाला होता. आजी गेली. पुडी तपासली, तर तिच्यात अंगदुखीच्या गोळ्यांची पूड निघाली. तिनेच पोटात जखम केली होती आणि वर रक्त पातळ करणारी गोळी चालूच होती.

सातव्या दिवशी, तिथल्या रीतीप्रमाणे, आजीच्या नावाने गाव जेवायला जमलं. सुतोपो पुटपुटला, "तिचं नशीबच तसं."

एन्दांगने हातातली परात खाली आपटली. "नशिबाला बोल लावू नकोस! आईचं रक्त जात होतं आणि तुम्ही हात जोडून बघत होता. पुडीत काय आहे, एकाने तरी विचारलं? आता तरी विचारा. घरात म्हातारं माणूस असेल तर आजच विचारा."